रक्तदाब, रक्तकण आणि आपल्या चूर्णातील लवण

उच्च रक्तदाबास आयुर्वेदात कोणत्या नावाखाली बसवावे, हा वाद आपल्या संभाषा परिषदांतून आता पुरेसा जुना झाला आहे. कोणी रक्तगत वात म्हणतो, कोणी शिरागत वात, कोणी आवृत व्यान. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने 'व्यानबल वैषम्य' ही संज्ञा स्वीकारली आहे. त्या वादात पुन्हा उतरण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु या वादात अधूनमधून एक पुरावा मोठ्या उत्साहाने पुढे केला जातो, त्याविषयी मात्र बोलणे अगत्याचे वाटते. पुरावा असा की, उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या लाल रक्तपेशींत सोडियम-पोटॅशियमची ने-आण बिघडलेली असते हे आधुनिकांनीच दाखवून दिले आहे. अर्थात दुष्टी रक्तातच आहे आणि आपला रक्तगत वात प्रयोगशाळेत सिद्ध झाला आहे.

हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या संशोधनातून आपल्याला घेण्यासारखे जे आहे ते निराळेच आहे, आणि ते आपल्या रोजच्या पुडीशी, बरणीशी व लेबलशी निगडित आहे.

प्रथम संशोधन काय आहे ते पाहू. रक्तद्रवात सोडियम दर लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, पेशीच्या आत मात्र त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. पोटॅशियमचे नेमके उलट. ते आत भरपूर आणि बाहेर अवघे चार-पाच मिलिमोल. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो एका फेरीत सोडियमचे तीन आयन बाहेर काढतो, पोटॅशियमचे दोन आत घेतो आणि त्यासाठी पेशीची ऊर्जा खर्च करतो. डेन्मार्कचे येन्स स्काउ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर काम करीत असता हा पंप ओळखला, आणि त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पंपाखेरीज आवरणात आणखीही दारे आहेत. काहींतून सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड एकत्र जातात, काहींतून एक आयन आत येतो व दुसरा बाहेर जातो, आणि थोडी गळती तर सर्वत्र असतेच.

रक्तदाब वाढतो तो सूक्ष्म धमन्यांच्या भिंती आकुंचित राहिल्यामुळे. मग संशोधकांनी लाल रक्तपेशीच का धरली? कारण ती मिळते. धमनीच्या भिंतीचा तुकडा कोणी काढून देत नाही. दंडातून पाच मिलिलिटर रक्त मात्र कोणीही देतो. लाल रक्तपेशीला केंद्रक नाही, तिचा कारभार साधा, आवरण सुटसुटीत. तेव्हा जी दारे धमनीच्या स्नायुपेशीत पाहायची ती या सोप्या पेशीत पाहावीत, असा तो विचार होता. हे लक्षात घेतले म्हणजे पुढचा अर्धा गैरसमज आपोआप मिटतो.

१९६० साली जर्मनीत लोसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या रक्तपेशींत सोडियम अधिक असल्याचे नोंदविले. १९७९ साली पॅरिसमधून गारे व मेयर यांनी 'लॅन्सेट'मध्ये या पेशींच्या सोडियम-पोटॅशियम प्रवाहात दोष असल्याचे लिहिले आणि त्यावर एक चाचणीही सुचविली. १९८० साली अमेरिकेत कानेसा व सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सोडियम-लिथियम विनिमयाचा वेग मोजून प्रसिद्ध केला. लिथियम रक्तात नगण्यच असते. ते येथे केवळ दार किती उघडते हे मोजण्याचे साधन होते. ज्यांच्या रक्तदाबाचे कारण सापडत नाही अशा रुग्णांत हा वेग निरोगी माणसांच्या सुमारे दुप्पट आला. विशेष म्हणजे अशा रुग्णांच्या जवळच्या नातलगांतही तो अधिक आढळला, पण वृक्कविकारादी ठाऊक कारणाने ज्यांचा रक्तदाब वाढला होता त्यांच्यात नाही. हा बीजदोषाचा सुगावा होता, आणि त्या काळी अनेकांना वाटले की आता रक्ताच्या एका थेंबावरून भावी रुग्ण ओळखता येईल.

तसे झाले नाही. पुढील वर्षांत दिसून आले की निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका माणसाच्या बाबतीत त्यावरून काही ठरविता येत नाही. मेद, रक्तातील स्निग्धांश, वंश, मधुमेहजन्य वृक्कविकाराची प्रवृत्ती या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. कोणी एका दाराचा वेग मंद सांगितला, कोणी त्याच दाराचा जलद. इटलीतील मिलान येथे जन्मतः उच्च रक्तदाब असणाऱ्या उंदरांची एक जात तयार करण्यात आली. तिच्या रक्तपेशी आकाराने लहान आणि त्यांत सोडियम उलट कमी. आणि त्याच उंदरांवर बियांकी यांनी जो प्रयोग केला तो आपण प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. रक्तदाब असलेल्या उंदराचे वृक्क निरोगी उंदराला बसविले तर त्याचा रक्तदाब वाढला. निरोगीचे वृक्क रुग्ण उंदराला दिले तर उतरला. रक्त ज्याचे त्याचेच होते. रक्तदाब गेला तो वृक्काबरोबर.

म्हणून म्हणतो, लाल रक्तपेशी ही खिडकी आहे, रोगाचे अधिष्ठान नव्हे. आवरणातील जे दोष वृक्काच्या नलिकांत व धमनीच्या स्नायूंत असू शकतात, त्यांची छाया तिच्यात दिसते इतकेच. 'रक्त' हा शब्द दोन्हीकडे आहे एवढ्यावरून रक्तगत वात सिद्ध झाला म्हणणे म्हणजे नावावरून नाते जोडणे होय. आपल्या शास्त्राला अशा टेकूची गरज नाही, आणि उद्या आधुनिकांनी आपले मत बदलले (येथे ते बदललेच) तर टेकूबरोबर आपलेही विधान कोसळते.

असे दाखले जोडण्यापेक्षा आपल्याकडचेच एक उदाहरण अधिक बोलके आहे. सर्पगंधेविषयी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. जगाने कान दिला तो १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये पन्नास रुग्णांचा रक्तदाब औषधापूर्वी व नंतर मोजून मांडला तेव्हा. तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझर्पिन वेगळे काढण्यात आले. सर्पगंधा कोणत्या स्रोतसावर कार्य करते हा वाद वकिलांनी घातला नव्हता. त्यांनी मोजले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या सर्व संशोधनातून जे टिकून राहिले ते सोडियमविषयी आहे. ब्लाउस्टाइन यांनी १९७७ साली मांडलेला विचार थोडक्यात असा: धमनीच्या स्नायुपेशीत सोडियम साचले की कॅल्शियम बाहेर टाकण्याचे काम मंदावते, कॅल्शियम वाढले की स्नायू आवळलेला राहतो. त्यात पुढे द वॉर्डनर व मॅकग्रेगर यांनी भर घातली की, वृक्क मीठ बाहेर टाकण्यात कमी पडले तर शरीरच पंपाला आवर घालणारे एखादे द्रव्य निर्माण करीत असावे. हे द्रव्य कोणते याविषयी अद्याप एकमत नाही. येथे जाता जाता एक सांगण्यासारखे आहे. ज्या पंपाविषयी हे सर्व चालले आहे, त्याच पंपावर आपल्या अर्क व करवीर या उपविषांतील हृद्य विषांश घाला घालतात. करवीराने हृदयाची गती का बिघडते याचे उत्तर तेथे आहे. शोधनाशिवाय ही द्रव्ये वापरू नयेत हा दंडक निष्कारण नाही.

विचार सिद्ध झाला असो वा नसो, मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो हे मात्र माणसांवर पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या मिठातील एक चतुर्थांश सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड देण्यात आले. पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. कोणतीही नवी गोळी नाही, केवळ मिठाचा डबा बदलला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. आपल्याकडील सरासरी याच्या दुपटीच्या आसपास आहे; लोणचे, पापड, कुरडया, शेव आणि दुपारचा ठेचा डोळ्यांपुढे आणला म्हणजे ते पटण्यास आकड्यांची फारशी गरज उरत नाही.

येथे आपली खरी अडचण सुरू होते. रक्तदाबाच्या रुग्णाला 'पांढरे मीठ सोडा, सैंधव घ्या' असे सांगण्याची आपल्यांत सर्रास पद्धत आहे. रुग्णही आनंदाने ऐकतो, कारण जेवणाची चव जात नाही. परंतु सैंधवात पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग सोडियम क्लोराइडच आहे. आवरणाच्या दारापाशी आलेला सोडियमचा आयन खाणीतून आला की समुद्रातून, याची चौकशी तेथे होत नाही. वर, सैंधवात आयोडीन मिसळलेले नसेल तर ती उणीव निराळीच.

यावर आक्षेप येईल की, चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सैंधवाला सर्व लवणांत हितकर म्हटले आहे आणि नित्य सेवनीय द्रव्यांतही त्याची गणना केली आहे. आक्षेप रास्त आहे. पण श्रेष्ठ लवण म्हणजे लवणच. आणि नित्य सेवनाचा तो उपदेश स्वस्थासाठी आहे. त्याच संहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत वापरू नयेत असे बजावले आहे. तेथे लवणाच्या अतिसेवनाने ज्यांचे मांस-शोणित शिथिल झाले अशा लोकांची उदाहरणे येतात: बाह्लीक, सौराष्ट्र, सैंधव व सौवीर, हे लोक दुधाबरोबरही मीठ खातात, असे आचार्य सांगतात. यातील तिसरे नाव पुन्हा वाचावे. ज्या सिंधुदेशावरून सैंधवाला नाव मिळाले, त्याच देशाचे लोक आचार्यांनी लवणाच्या अतिरेकाचे उदाहरण म्हणून दिले आहेत. याहून स्पष्ट काय हवे? आणि लवणरसाच्या अतियोगाने पित्त कोपते, रक्त वाढते, तृष्णा वाढते, हे सूत्रस्थानातील वर्णन तर आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेले आहे.

आता आपल्या बरण्यांकडे पाहू. लवणभास्कर चूर्णाचा शार्ङ्गधरातील पाठ घ्या. सामुद्र लवण ८ कर्ष, सौवर्चल ५, बिड २ आणि सैंधव २. म्हणजे १७ कर्ष केवळ लवणे. बाकीची सर्व द्रव्ये मिळून २४ कर्ष. एकूण ४१ कर्षांत १७ म्हणजे चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक. तीन ग्रॅमची पुडी दिवसातून दोनदा दिली तर रुग्णाच्या पोटात सुमारे अडीच ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने संपूर्ण दिवसासाठी आखलेल्या मर्यादेचा हा निम्मा हिस्सा झाला, आणि अनुपान म्हणून घेतलेल्या ताकातील मीठ यात धरलेले नाही. हिंग्वष्टकात सैंधव सुमारे आठवा हिस्सा, ते त्या मानाने सौम्य. शिवाक्षार पाचन चूर्णात एक तृतीयांश सर्जिकाक्षार, म्हणजे आजच्या व्यवहारात खाण्याचा सोडा. तो खारट लागत नाही म्हणून त्यातील सोडियम विसरले जाते. शंखवटी, चित्रकादि वटी यांतही लवणे आहेतच, पण गोळीचे वजन लहान असल्याने तेथे हिशेब किरकोळ राहतो.

गैरसमज नसावा. ग्रहणी, अग्निमांद्य, आध्मान यांत लवणभास्कराचे कार्य कोण नाकारील? आठ-पंधरा दिवस दिलेल्या चूर्णाने कोणाचे अहित होत नाही. प्रश्न आहे तो साठीच्या रुग्णाचा. त्याचा रक्तदाब १६०/१०० आहे, ॲलोपॅथीची गोळी चालू आहे, आणि 'पोट साफ राहते' म्हणून तो दुकानातून वर्षानुवर्षे हे चूर्ण स्वतःच घेत आहे. त्याची गोळी वाढविली जाते, चूर्णाविषयी त्याला कोणी विचारीत नाही, आणि तोही सांगत नाही; कारण चूर्ण त्याच्या लेखी औषध नसून मुखशुद्धी आहे.

औषधनिर्मात्या बंधूंना येथे विशेष विनंती आहे. शेवेच्या पाकिटावर सोडियम किती मिलिग्रॅम आहे ते छापणे अन्नसुरक्षा कायद्याखालील २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले. आपल्या चूर्णाच्या डबीवर घटकद्रव्यांची यादी असते, पण रुग्णाला 'सौवर्चल' वाचून मीठ कळत नाही. 'एका मात्रेत लवण सुमारे इतके ग्रॅम; उच्च रक्तदाब, वृक्कविकार व शोथ असणाऱ्यांनी वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे' ही एक ओळ छापण्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. खप घटेल ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. घटलाच तर तो ज्याने घेऊ नये त्याच्याकडचा घटेल.

मिठाहूनही अधिक दुर्लक्षित द्रव्य यष्टिमधु आहे. त्यात सोडियम जवळपास नाही, पण त्यातील गोड अंश वृक्कातील एका विकराला निकामी करतो, आणि मग शरीर सोडियम धरून ठेवते व पोटॅशियम टाकून देते. १९४६ साली हॉलंडमध्ये रेव्हर्स यांनी जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा त्यांच्या अंगावर सूज आली. तेथून हा विषय उलगडत गेला. अम्लपित्ताच्या रुग्णाला यष्टिमधु चूर्ण महिनोन्महिने देताना आपल्यापैकी कितीजण दर खेपेस रक्तदाब पाहतात? पाहावा. पायावर सूज, स्नायूंत दुर्बलता आणि चढता रक्तदाब ही त्रयी दिसली की प्रथम यष्टिमधु थांबवावे.

उलट बाजूने क्षारांचा विचार. यवक्षार, अपामार्गक्षार यांत पोटॅशियम प्रधान. श्वेतपर्पटीत सोऱ्याच्या रूपाने तेच. ज्याची वृक्के उत्तम आहेत त्याला नेहमीच्या मात्रेत याची बाधा नाही. परंतु ज्याची वृक्के मंदावली आहेत, किंवा जो रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी पोटॅशियम रोखून धरणारी औषधे घेत आहे, त्याच्यासाठी मूत्रल म्हणून दिलेली श्वेतपर्पटी संकट ठरू शकते. बाजारातील 'लो सोडियम' मिठालाही हाच नियम लागू. रुग्णाच्या पिशवीतील इतर गोळ्यांची नावे वाचणे यात कमीपणा मानू नये.

यवतमाळ जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्यांना दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतील. पहिली उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना रानात राबणाऱ्या माणसाच्या घामातून मीठ जाते. वृद्ध रुग्ण, मूत्रल गोळी चालू, त्यात आपण 'अळणी खा' म्हटले, तर सोडियम इतके उतरू शकते की रुग्ण बरळू लागतो, आणि घरचे त्याला उष्माघात समजतात. मीठ मोजायला सांगावे, बंद करायला नव्हे.

दुसरी गोष्ट सिकलसेलची, आणि ती थेट लाल रक्तपेशीच्या दारांशीच येऊन भिडते. भारतात हा विकार १९५२ साली निलगिरीत ओळखला गेला. १९५८ साली नागपूरहून शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली. पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या भागांत काम करणाऱ्या वैद्याला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. या विकारात प्राणवायू कमी पडला की पेशीत कॅल्शियम शिरते आणि पोटॅशियमचे एक दार सताड उघडते. त्या दाराचे मूळ वर्णन हंगेरीचे गार्दोश यांनी १९५८ सालीच केले होते. पोटॅशियमपाठोपाठ पाणी निघून जाते, पेशी आटते, आतले दूषित हिमोग्लोबिन घट्ट होते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. पाणी कमी पडणे हेच येथे वेदनेच्या झटक्याचे निमित्त. म्हणून अशा रुग्णाला विरेचन, कडक लंघन अथवा तीव्र मूत्रल देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. शिवाय या रुग्णांचा रक्तदाब सामान्यतः इतरांहून खालचा असतो. त्यामुळे १३०/८५ हा आकडा त्यांच्यात 'ठीक आहे' म्हणून सोडून देऊ नये, मूत्रपरीक्षा करून घ्यावी.

या दाराला कुलूप घालणारे सेनिकापोक नावाचे औषधही तयार झाले होते. त्याने रक्तपेशी फुटण्याचे प्रमाण घटले, हिमोग्लोबिन वाढले, अहवाल सुंदर दिसू लागला. पण रुग्णांच्या वेदनेचे झटके कमी झाले नाहीत, आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. रक्तपेशीच्या दारांवरून मोठे सिद्धांत रचणाऱ्या आपल्या मित्रांनी ही हकीकत जरूर वाचावी.

आता एक प्रस्ताव मांडतो. संघटनेच्या जिल्ह्यातील सभासदांनी आपापल्या गावी सर्वाधिक खपणारी पाच पाचक चूर्णे निवडावीत, त्यांच्या लेबलवरील पाठ पाहून एका मात्रेतील लवणाचा आणि सोड्याचा हिशेब करावा, आणि तो तक्ता संपादकांकडे पाठवावा. लवणभास्कराचा हिशेब वर दिलेलाच आहे. उमरखेड, पुसद, दारव्हा, वणी येथील फार्मसीचालकांनी आपल्या उत्पादनांचे आकडे स्वतःहून दिले तर काम अधिक लवकर होईल. आलेला तक्ता पुढील अंकात छापावा, म्हणजे तो कापून दवाखान्यात रक्तदाबयंत्राशेजारी लावता येईल.